आठ्या पुसताना चेहरा पुसला जाऊ नये

ठाण्यातील पोखरण रस्ता क्रमांक एकवरून वर्तकनगरकडे जाताना शहराचा पालटलेला चेहरा स्पष्ट दिसतो. १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडच्या गिरणीचा भोंगा केव्हाच थांबला असून तिच्या जमिनीवर निवासी मनोरे उभे राहिले आहेत. वर्तकनगरातील म्हाडाच्या जुन्या इमारतीही पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. मनोऱ्यांच्या तळमजल्यांवर किराणा आणि औषधांच्या दुकानांच्या शेजारी आता आणखी एक पाटी सर्रास दिसते, ती त्वचा, केस आणि लेझर उपचारांची. कधी काळी चित्रपटसृष्टीपुरती मर्यादित मानली जाणारी बोटॉक्स आणि फिलरची सुई मध्यमवर्गीय वसाहतीच्या कोपऱ्यावर येऊन पोहोचली आहे.

सुईबरोबर तिच्याविषयीची अपेक्षाही बदलली आहे. ताणलेले कपाळ, फुगलेले ओठ आणि गालांची अनैसर्गिक उंची यांची आता टिंगल होते. चेहरा टवटवीत दिसावा, पण काही करून घेतले आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना, कार्यालयातील सहकाऱ्यांना किंवा लग्नघरातील पाहुण्यांना कळू नये, अशी इच्छा घेऊन माणसे दवाखान्याची पायरी चढतात. जाहिरातींनीही ही नाडी ओळखली असून 'नैसर्गिक' हा शब्द जवळपास प्रत्येक पत्रकावर झळकतो. वरवर पाहता हा सुरुचीचा विजय वाटेल. वस्तुतः संयमाचा हा प्रश्न अभिरुचीपेक्षा वैद्यकीय सुरक्षिततेचा अधिक आहे. सुई कोणाच्या हातात आहे, कुपीत नेमके काय आहे, मात्रा किती आहे आणि समोरचा माणूस नकार देऊ शकतो का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर तो अवलंबून आहे. आजच्या व्यवस्थेत ही उत्तरे शोधण्याची जबाबदारी जवळजवळ संपूर्णपणे ग्राहकाच्या डोक्यावर टाकलेली आहे.

पुण्याचे नाक आणि नागपूरचा विभाग

चेहऱ्यावरील उपचारांना पाश्चात्त्य खूळ म्हणून मोडीत काढण्याची सवय आपल्याकडे आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आधुनिक सुघटनशल्याचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातून निघतो. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा माणूस १७९२ च्या म्हैसूर युद्धात टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. पुढे पुण्याजवळ एका कुंभाराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने घडवून तो कपाळावर पसरला, त्याबरहुकूम कपाळाची कातडी सोडवली आणि ती वळवून नवे नाक बसवले. इंग्रज डॉक्टरांनी पाहिलेल्या या शस्त्रक्रियेचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला. तो वाचून प्रेरित झालेल्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये, नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली सुघटनशल्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. महाराष्ट्राचे या शास्त्राशी असलेले नाते असे जुने आणि सन्मानाचे आहे.

या परंपरेचा उद्देश लक्षात घेण्याजोगा आहे. कावसजीला देखणे नाक नको होते. चारचौघांत उठून न दिसणारे, साधे नाक त्याला हवे होते. बाजारात फिरताना कोणी वळून पाहू नये, एवढेच त्याचे मागणे असणार. भाजलेल्या, अपघातात सापडलेल्या किंवा दुभंगलेल्या ओठाने जन्मलेल्या रुग्णासाठी काम करणारा शल्यविशारद आजही हाच निकष लावतो. काम इतके बेताने व्हावे की ते झाले आहे हे ध्यानात येऊ नये. 'नैसर्गिक दिसणे' ही कल्पना बाजाराने शोधलेली नाही, ती या शास्त्राच्या मुळाशीच आहे.

कायद्यानेही या दोन हेतूंमध्ये रेघ ओढली आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा आरोग्यसेवेला करमाफी देण्यात आली. तथापि सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आणि केशरोपण त्यातून वगळले गेले. जन्मजात व्यंग, दुखापत किंवा शरीराच्या वाढीतील दोष दुरुस्त करणारी शस्त्रक्रिया मात्र माफीत राहिली. आरोग्य विमाही साधारण हीच रेघ पाळतो. म्हणजे सौंदर्योपचार ही चैन आहे असे सरकारचे आणि विमा कंपन्यांचे मत आहे. कर आकारताना जी तत्परता दिसते ती देखरेख करताना दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

दोन सुया, दोन धोके

सर्वसामान्य बोलण्यात 'बोटॉक्स' हा शब्द कोणत्याही सुईसाठी वापरला जातो. प्रत्यक्षात दोन सर्वस्वी भिन्न पदार्थ येथे एकाच नावाखाली वावरतात. पहिला बोटुलिनम टॉक्सिन. खराब झालेल्या अन्नातून होणाऱ्या बोटुलिझम या जीवघेण्या आजाराला कारणीभूत ठरणारे हे विष अत्यल्प मात्रेत औषध बनते. मज्जातंतूकडून स्नायूला मिळणारा आकुंचनाचा निरोप ते अडवते. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा उपयोग करून पाहिला आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा व पापण्यांच्या आचक्यांसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडातील जीन आणि ॲलिस्टर कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ व त्वचारोगतज्ज्ञ दाम्पत्याने भुवयांमधील आठ्यांवर होणारा परिणाम १९९२ मध्ये प्रसिद्ध केला आणि २००२ मध्ये सौंदर्योपचार म्हणून त्यावर शिक्कामोर्तब झाले.

दुसरा पदार्थ म्हणजे फिलर. आज प्रामुख्याने हायलुरॉनिक आम्लाची जेली वापरली जाते. ती स्नायू शिथिल करत नाही. त्वचेखालची पोकळी भरून काढणे हे तिचे काम. डोळ्यांखालचे खळगे, गाल, ओठ आणि हनुवटी ही तिची क्षेत्रे.

संयमाचा पहिला धडा या दोन पदार्थांच्या स्वभावातच आहे. बोटॉक्सचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्णत्वाला जातो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो. त्यामुळे कमी मात्रा देऊन दोन आठवड्यांनी पुन्हा पाहणे आणि गरज भासल्यास थोडी भर घालणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. दिलेली मात्रा मात्र परत घेता येत नाही. पापणी लोंबली किंवा भुवई वाकडी झाली तर परिणाम ओसरेपर्यंत वाट पाहण्यावाचून फारसे काही हाती उरत नाही. ज्यांचे लग्न किंवा मुलाखत आठवड्यावर आली आहे त्यांनी पहिलाच प्रयोग त्या आठवड्यात करू नये, याचे कारण एवढे साधे आहे.

फिलरचे गणित उलट आहे. हायलुरॉनिक आम्लाचे फिलर हायलुरॉनिडेझ या विकराने विरघळवता येते, म्हणून ते निर्धोक असल्याचा समज पसरला आहे. पण चेहऱ्यातील रक्तवाहिन्यांचे जाळे दाट आहे. जेली चुकून रक्तवाहिनीत शिरली तर तेथील त्वचा मरू शकते. नाक आणि भुवयांमधील भागात टोचताना डोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठा अडून दृष्टी गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. अशा वेळी हाती काही मिनिटे असतात. विकराची कुपी जवळ नसेल, किंवा त्वचा पांढरी पडणे हे संकटाचे लक्षण आहे हे समोरच्याला ओळखता येत नसेल, तर ती मिनिटे वाया जातात. शिवाय सहा महिन्यांत किंवा वर्षभरात विरघळून जाते असे सांगितले जाणारे फिलर कित्येक वर्षांनंतरही एमआरआय तपासणीत आढळल्याची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आहेत. आधीचे शिल्लक असताना दरवर्षी नव्याने भर घालत गेल्यास चेहरा हळूहळू सुजल्यासारखा का दिसू लागतो, याचा उलगडा येथे होतो.

भाषेला हवा असलेला चेहरा

मराठी भाषेने चेहऱ्याच्या स्नायूंचा मोठा कोश तयार केला आहे. नापसंती दाखवायची तर कपाळाला आठ्या पडतात, आश्चर्य वाटले तर भुवया उंचावतात, तुच्छता असेल तर नाक मुरडले जाते आणि खरा आनंद झाला की माणूस डोळ्यांतून हसतो. गंमत अशी की बोटॉक्सची सुई ज्या स्नायूंवर चालते ते नेमके हेच. भुवया जवळ ओढणारा, कपाळ वर उचलणारा, नाकपुडीच्या वर चुण्या पाडणारा आणि डोळ्याभोवती वर्तुळाकार पसरलेला, असे हे स्नायू आहेत. ते पूर्ण थांबले तर सुरकुती जाते आणि तिच्याबरोबर वाक्प्रचारही जातो. गडकरी रंगायतनात नाटके पाहत मोठ्या झालेल्या ठाणेकरांना भुवईच्या एका हालचालीचे मोल वेगळे सांगायला नको.

हा केवळ कल्पनाविलास नाही. डेव्हिड हावस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भुवयांमधील स्नायू बोटॉक्सने शिथिल झालेल्या स्त्रियांना राग व दुःख व्यक्त करणारी वाक्ये वाचून समजून घ्यायला आधीपेक्षा थोडा अधिक वेळ लागल्याचे आढळले. २०११ मध्ये डेव्हिड नील आणि तान्या चार्ट्रँड यांनी बोटॉक्स घेतलेल्यांची तुलना फिलर घेतलेल्यांशी केली. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखण्यात पहिला गट काहीसा मागे पडला. असे अभ्यास लहान असतात आणि त्यांच्यावरून मोठे सिद्धान्त मांडू नयेत, हे खरे. तरीही आपण समोरच्याचा चेहरा नकळत आपल्या चेहऱ्यावर उमटवून समजून घेतो, या शक्यतेकडे ते बोट दाखवतात. रुग्णाशी बोलणारी परिचारिका, वर्गात उभा असलेला शिक्षक किंवा तान्ह्या बाळाची आई यांच्यासाठी गोठलेले कपाळ ही किरकोळ गोष्ट नाही. संयमी उपचारात स्नायूची ताकद कमी केली जाते, त्याची हालचाल संपवली जात नाही. आठी पडावी, मात्र ती कायम कोरलेली राहू नये, असा त्यातील हिशेब असतो.

गोरेपणाचा जुना आजार

पाश्चात्त्य देशांतील चर्चा सुरकुत्यांभोवती फिरते. आपल्याकडील त्वचेचे दुखणे वेगळे आहे. त्वचेचे रंगानुसार सहा प्रकार मानले जातात आणि बहुसंख्य भारतीयांची त्वचा चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेत मेलॅनिन भरपूर असल्यामुळे सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात. वांग, काळे डाग, असमान रंग यांच्या रूपाने वयाचा परिणाम आधी दिसतो. याच त्वचेवर लेझर किंवा रासायनिक पीलचा अतिरेक झाला तर होणाऱ्या दाहानंतर ती अधिक काळी पडते. म्हणजे डाग घालवण्यासाठी गेलेली व्यक्ती मोठा डाग घेऊन परतण्याची शक्यता असते. गोऱ्या कातडीसाठी आखलेली यंत्राची मात्रा वर्तकनगरच्या गृहिणीच्या गालावर जशीच्या तशी चालवता येत नाही.

त्यात गोरेपणाच्या हव्यासाची भर पडते. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. विवाहविषयक जाहिरातींतील 'गोरी' हा शब्द मात्र एवढ्या सहज बदलला नाही. या हव्यासाची किंमत मोजली गेल्याचे पुरावे आहेत. देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइडयुक्त मलम लावत होते आणि निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांव्यतिरिक्त कोणीतरी सुचवले होते. कातडी पातळ होणे, लाली, मुरमे आणि मलम सोडताच होणारी आग असे त्याचे दुष्परिणाम. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने लावून धरल्यानंतर २०१८ मध्ये अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आले. २०२३ च्या आरंभी अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याचे प्रकरण गाजले. सौंदर्यप्रसाधन म्हणून लावलेल्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण प्रचंड असल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. भारतीय नियमांनुसार डोळ्यांभोवती वापरायची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने राहिलेला पारा दशलक्षात एक भागापेक्षा अधिक असता कामा नये.

या पार्श्वभूमीवर संयमाची खरी सुरुवात सुईच्या कितीतरी आधी होते. ऑस्ट्रेलियातील ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांचा साडेचार वर्षे पाठपुरावा करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज नियमाने सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेच्या वार्धक्याची लक्षणे मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळली. ऊन टाळणे, तंबाखू व धूम्रपान सोडणे, पुरेशी झोप आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रेटिनॉइडसारखे मलम हे उपाय कंटाळवाणे आहेत. त्यांची छायाचित्रे जाहिरातीत शोभून दिसत नाहीत. परंतु खिशाला परवडणारे आणि पुराव्याच्या कसोटीवर उतरणारे उपाय बहुतांशी हेच आहेत. दुचाकीवरून कॅडबरी जंक्शनचा सिग्नल रोज भर उन्हात पार करणाऱ्या तरुणीला पहिला सल्ला याचाच मिळायला हवा.

'नैसर्गिक' या शब्दाचा व्यापार

संयम चांगला, पण संयमाच्या नावाने होणाऱ्या विक्रीबाबत सावध राहायला हवे. थोड्या मात्रेचे 'बेबी बोटॉक्स' ही कल्पना वयस्कांसाठी योग्य असू शकते. तीच कल्पना आता सुरकुत्या येण्यापूर्वीच त्या रोखण्याच्या नावाखाली पंचविशीतल्या मुलामुलींना विकली जाते. मात्रा कमी, पण वर्षानुवर्षे आणि दर चार महिन्यांनी, असा हा हिशेब बेरजेला जड पडतो. आधी एक जागा, मग तिच्याशी जुळवून घेण्यासाठी दुसरी, असा प्रवास सुरू झाला की आरशातील नजरेचे मापच बदलते. दर वेळी थोडासाच फरक केला गेल्याने एकूण फरक किती झाला, हे स्वतःलाही कळत नाही. म्हणून पहिल्या भेटीतील छायाचित्र जपून ठेवणारा आणि दर वेळी ते समोर धरणारा डॉक्टर अधिक विश्वासार्ह मानावा.

जुलै २०२५ मध्ये मुंबईतील समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्ती उर्फी जावेद यांनी आपल्या ओठांतील फिलर विरघळवतानाची चित्रफीत स्वतःच प्रसिद्ध केली. सुजलेला चेहरा पाहून अनेकांनी थट्टा केली. त्यांनी मांडलेला मुद्दा मात्र गंभीर होता. फिलर चुकीच्या जागी बसले होते, ते काढणे वेदनादायक होते, चांगला डॉक्टर निवडणे महत्त्वाचे आहे आणि पुढे पुन्हा करून घेतले तरी ते नैसर्गिक दिसेल असेच असेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हॉलीवूडच्या अभिनेत्री कोर्टनी कॉक्स यांनीही फिलरचा अतिरेक झाल्याची कबुली देऊन ते विरघळवून घेतले होते. ज्यांच्यापाशी पैसा, प्रसिद्धी आणि निवडीला वाव आहे त्यांच्याही वाट्याला हे येते, तर हप्ते भरून उपचार घेणाऱ्या नोकरदार स्त्रीची स्थिती किती नाजूक असेल, याची कल्पना करता येते.

देखरेखीतील पोकळी

सुई कोणी टोचावी, याबाबत देशात नियमच नाहीत असे नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्योपचार व केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. औपचारिक प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच असे उपचार करावेत आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे त्यात स्पष्ट केले. त्याच वर्षी दंत परिषदेने मुख व जबड्याच्या शल्यचिकित्सकांच्या अधिकाराचा मुद्दा मांडला आणि त्वचारोगतज्ज्ञांशी त्यांचा वाद रंगला. या वादात एक गोष्ट झाकोळली जाते. दोन्ही बाजू निदान शरीररचना शिकलेल्या आहेत. खरी काळजी आहे ती काही दिवसांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' म्हणवून घेणाऱ्यांची. ही पदवी त्वचाविकारातील एमडी किंवा प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच यांच्या पंक्तीत बसणारी नाही, हे पाटी वाचणाऱ्याला कळत नाही.

महाराष्ट्रात या पोकळीला कायदेशीर आकारही आहे. दवाखान्यांच्या नोंदणीसाठी केंद्राने २०१० मध्ये केलेला कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. राज्यात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो आणि तो रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांपुरता आहे. जेथे खाटाच नाहीत अशा त्वचा-लेझर केंद्राला त्या नोंदणीची गरज पडत नाही. मोजकेच कामगार असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार केवळ सूचना देणे पुरते. परिणामी भुवयांमध्ये सुई टोचणारी जागा आणि साड्यांना फॉल-बिडिंग करून देणारे दुकान नोंदणीच्या दृष्टीने फारसे वेगळे राहत नाही. डॉक्टरांना रुग्ण ओढण्यासाठी जाहिरात करण्यास २००२ च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. पण ही संहिता नोंदणीकृत डॉक्टरला लागू आहे, साखळी चालवणाऱ्या कंपनीला किंवा पार्लरला नाही.

परदेशांतील अनुभव डोळे उघडणारा आहे. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये रोगनियंत्रण केंद्राने ११ राज्यांतील २२ जणांना बनावट किंवा अयोग्य हाताळणीच्या बोटॉक्समुळे त्रास झाल्याचा इशारा दिला. त्याच महिन्यात न्यू मेक्सिकोतील एका परवानाविहीन स्पामध्ये स्वतःच्याच रक्ताचा वापर करून केल्या जाणाऱ्या फेशियलमधून किमान तीन स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचा तपशील प्रसिद्ध झाला. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालील मुलांवर सौंदर्यासाठी बोटॉक्स व फिलर वापरण्यास बंदी घातली. पहिल्या दोन घटना सांगतात की प्रगत देखरेख असलेल्या देशातही फट राहते. तिसरी सांगते की इच्छा असेल तर ती बुजवता येते.

हिणवणे हा उपाय नव्हे

या विषयावर लिहिताना उपदेशाचा सूर लावणे सोपे असते. जन्मतः मिळालेल्या रूपात समाधान मानावे, वय झाले की सुरकुत्या यायच्याच, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. परंतु ज्या समाजात मुलगी पाहायला येणारे आधी रंग पाहतात, पन्नाशीतल्या कर्मचाऱ्याला थकलेला दिसतो म्हणून पुढच्या फळीतून मागे सारले जाते आणि दिवसभर संगणकाच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा पाहत बैठका चालतात, तेथे चेहऱ्याची काळजी करणाऱ्याला उथळ ठरवणे दुटप्पीपणाचे आहे. शिवाय हिणवण्याचा थेट दुष्परिणाम सुरक्षिततेवर होतो. लाज वाटली की माणूस गुपचूप जातो, घरच्यांना सांगत नाही, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेत नाही आणि काही बिघडले तर तक्रारही करत नाही. कोणाला कळू नये ही इच्छा दिसण्यापुरती ठीक आहे. उपचारही लपवून होऊ लागले की अकुशल हातांचे फावते.

उपाय दोन्ही बाजूंनी हवेत. शासनाच्या पातळीवर, त्वचेखाली काहीही टोचणाऱ्या अथवा लेझर चालवणाऱ्या प्रत्येक केंद्राची, खाटा असोत वा नसोत, स्वतंत्र नोंदणी व्हायला हवी. ती करण्यासाठी ठाणे महापालिकेचा आरोग्य विभाग आहे. औषधांच्या तपासणीसाठी अन्न व औषध प्रशासनाचे कोकण विभागाचे कार्यालय वर्तकनगरपासून हाकेच्या अंतरावर, वागळे इस्टेटमध्येच आहे. वापरलेल्या कुपीचा गट क्रमांक रुग्णाच्या कागदावर लिहिणे बंधनकारक केले तर बनावट मालाचा माग काढणे सोपे होईल. वय १८ पेक्षा कमी असल्यास केवळ सौंदर्यासाठी सुई नको, हा नियम करायला मोठा खर्च लागत नाही.

ग्राहकाच्या हाती जे आहे तेही कमी नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०२५ मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीची खातरजमा करता यावी म्हणून क्यूआर संकेताची सोय सुरू केली. तो संकेत दवाखान्यात लावलेला आहे का, हे पाहायला क्षणभर लागतो. कुपी आपल्यासमोर उघडण्याचा आग्रह धरावा. बोटुलिनम टॉक्सिन थंड तापमानात साठवावे लागते आणि मूळ उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार मिश्रण केल्यावर २४ तासांत वापरायचे असते. भुवयांमधील आठ्यांसाठी त्या पत्रकातील मात्रा पाच ठिकाणी मिळून २० एकके आहे. किती एकके टोचली, याचा लेखी तपशील मागण्यात काहीही गैर नाही. फिलर घेणार असाल तर हायलुरॉनिडेझ दवाखान्यात आहे का, हे आधी विचारावे. या प्रश्नाने समोरचा गोंधळला तर तेथून उठणे इष्ट. एकाच बैठकीत अनेक जागांची सवलत, आजच पैसे भरल्यास निम्मी किंमत अशी घाई दिसली तर तोही धोक्याचा इशारा समजावा. नुकसान झालेच तर वैद्यक परिषद आणि जिल्हा ग्राहक आयोग हे दोन्ही मार्ग खुले आहेत. मात्र त्यासाठी पावती, छायाचित्रे आणि संमतिपत्राची प्रत जवळ असायला हवी.

आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी नकाराची आहे. तुम्हाला याची गरज नाही, सहा महिने सनस्क्रीन लावून या, असे सांगणारा डॉक्टर त्या दिवसाचे उत्पन्न गमावतो. व्यवसायाचे सारे गणित त्याला उलट दिशेने ओढत असते. दुकानाचे भाडे, यंत्राचा हप्ता आणि शेजारच्या केंद्राची सवलत डोक्यावर असताना नाही म्हणण्यासाठी वैयक्तिक सचोटी लागते. तिला नियमांचे पाठबळ नसेल तर ती फार काळ टिकणार नाही. वर्तकनगरच्या रस्त्यावर उद्या आणखी चार पाट्या लागतील, त्यात वावगे काही नाही. त्या पाट्यांमागे कोण बसले आहे याची नोंद शहरापाशी असावी, एवढी अपेक्षा कर भरणाऱ्या नागरिकाने धरली तर ती अवाजवी म्हणता येणार नाही. ती पूर्ण होईपर्यंत दाराशी लावलेला क्यूआर संकेत तपासल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, हेच उत्तम.